विश्लेषण : श्वानांचे कृत्रिम रेतन, सोय कोणाची, शरीर कोणाचे?

गाय माजावर आली की फोन करायचा. डॉक्टर मोटारसायकलला नायट्रोजनचे भांडे बांधून येतात आणि गाय भरवून जातात. महाराष्ट्रातल्या खेडोपाडी हे दृश्य कोणालाच नवे नाही. हेच तंत्र आता श्वानपालनातही रुळते आहे. दुसऱ्या शहरातल्या, दुसऱ्या देशातल्या, इतकेच काय तर मरून गेलेल्या नराचीही पिल्ले त्यामुळे जन्माला येऊ शकतात. तंत्रात दोष नाही. मात्र ते कशासाठी आणि कोणाच्या जिवावर वापरले जाते, हा प्रश्न विचारायलाच हवा.

हे तंत्र नेमके किती जुने?

आपण कृत्रिम रेतन म्हटले की गाय-म्हैस डोळ्यांसमोर आणतो. प्रत्यक्षात सस्तन प्राण्यांतला पहिला नोंदलेला यशस्वी प्रयोग कुत्रीवर झाला. इटलीतील निसर्गशास्त्रज्ञ लाझारो स्पालान्झानी यांनी 1780 च्या सुमारास एका कुत्रीला पिचकारीने रेत दिले आणि 62 दिवसांनी तिने तीन पिल्लांना जन्म दिला. पुढचा मोठा टप्पा 1949 चा. ग्लिसरॉल मिसळले तर शुक्रजंतू गोठवूनही जिवंत राहतात, हे ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दाखवले. गायींमध्ये त्याचा झपाट्याने प्रसार झाला. महाराष्ट्रात उरुळीकांचनच्या ‘बाएफ’ने हे तंत्र गावोगाव नेले. गोठवलेल्या रेतापासून कुत्रीला पिल्ले झाल्याचा अहवाल मात्र 1969 मध्ये अमेरिकेतून आला. सुरुवात कुत्रीपासून झाली, पण पुढे गाय गेली, ती का?

गायीचे तंत्र कुत्रीला जसेच्या तसे का चालत नाही?

पहिले कारण प्रमाणाचे. वळूच्या एका वेळच्या रेतापासून शेकडो कांड्या भरता येतात. कुत्र्याच्या एका संकलनातून गर्भधारणेच्या मोजक्याच मात्रा मिळतात. दुसरे कारण शरीररचनेचे. कुत्रीचा योनिमार्ग लांब असतो आणि गर्भाशयमुखाचे तोंड तिरके असते. गायीप्रमाणे हाताने चाचपून नळी आत नेता येत नाही.

तिसरे कारण वेळेचे. गाय चुकली तर 21 दिवसांनी पुन्हा माजावर येते. कुत्री साधारण सहा महिन्यांनी येते. त्यातही तिचे बीज बाहेर पडते तेव्हा कच्चे असते. ते फलनायोग्य व्हायला आणखी दोन-तीन दिवस लागतात. ताजे रेत मादीच्या शरीरात पाच दिवस किंवा त्याहूनही अधिक टिकू शकते, त्यामुळे नैसर्गिक मिलनात थोडे मागेपुढे झाले तरी चालते. गोठवून वितळवलेले शुक्रजंतू मात्र जेमतेम 12 ते 24 तास टिकतात. एक दिवस चुकला की सहा महिने गेले.

मग वेळ कशी साधतात?

अनेकजण अजूनही रक्तस्राव सुरू झाल्यापासून दिवस मोजतात आणि अकराव्या किंवा तेराव्या दिवशी मादी नेतात. गोठवलेल्या रेतासाठी हा हिशेब बेभरवशाचा आहे. कुत्रीमध्ये एक सोय निसर्गाने दिली आहे. तिच्या रक्तातले प्रोजेस्टेरॉन बीज बाहेर पडण्याआधीच वाढू लागते. दोन-तीन दिवसांच्या अंतराने रक्त तपासले तर नेमका दिवस काढता येतो. त्यानंतर पशुवैद्य बारीक दुर्बिणीच्या साहाय्याने गर्भाशयमुख शोधून नळी आत नेतात. मादी उभी असतानाच हे करता येते, बहुतेकदा भूल लागत नाही.

पूर्वी, आणि काही ठिकाणी आजही, यासाठी मादीचे पोट उघडून थेट गर्भाशयात रेत सोडले जाते. ब्रिटनमध्ये अशा शस्त्रक्रियेला परवानगी नाही आणि ते योग्यच आहे. जे काम नळीने होते, त्यासाठी निरोगी जनावराला भूल देऊन पोट फाडणे हा उपचार नव्हे. त्यात मादीचा कोणताही फायदा नसतो.

गोठवलेल्या रेताचा खरा फायदा कोणता?

प्रवास वाचतो, हा फायदा सगळे सांगतात. त्याहून मोठा फायदा क्वचितच कोणी सांगतो, तो म्हणजे थांबता येते. डॉबरमनमध्ये हृदयाचे स्नायू दुबळे होण्याचा आनुवंशिक आजार बऱ्याचदा मध्यम वयात दिसतो. तोवर त्या नराची कितीतरी पिल्ले घरोघरी पोहोचलेली असतात. रेत उणे 196 अंशांवर द्रव नायट्रोजनमध्ये ठेवले तर ते वर्षानुवर्षे टिकते. तरुणपणी रेत साठवा, नर म्हातारा होईपर्यंत निरोगी राहतो का ते पाहा आणि मगच वापरा, असे या तंत्राने प्रथमच शक्य झाले. पैदासकाराला मिळालेली ही सर्वांत मौल्यवान गोष्ट आहे. दुर्दैवाने बाजाराला धीर नसतो.

मग आक्षेप कशाला?

श्वानसंघटनांच्या ‘एफसीआय’ या आंतरराष्ट्रीय महासंघाचा एक नियम आहे. ज्या प्राण्याने याआधी नैसर्गिकरीत्या प्रजनन केलेले नाही, त्याच्यासाठी कृत्रिम रेतन वापरू नये. जातीचे आरोग्य सुधारणे, मादीचे हित किंवा आनुवंशिक विविधता जपणे यासाठीच अपवाद करता येतो. नियम एका ओळीचा, पण त्यामागचा विचार खोल आहे. एखाद्या जातीला मिलनच जमत नसेल, तर तो निसर्गाने दिलेला इशारा आहे. नळी वापरून आपण तो इशारा बंद करतो.

बुलडॉगचे उदाहरण घ्या. रुंद छाती, अरुंद कंबर, चपटे नाक. मिलनाच्या श्रमानेच त्यांना धाप लागते, म्हणून कृत्रिम रेतन. पिल्लांची डोकी मोठी, म्हणून सिझेरियन. ब्रिटनमधील 2010 च्या एका अभ्यासात बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग आणि बोस्टन टेरियर या जातींत सिझेरियनचे प्रमाण 80 टक्क्यांहून अधिक आढळले. म्हणजे गर्भ राहायला डॉक्टर, बाहेर यायला डॉक्टर आणि पुढे श्वास घ्यायलाही डॉक्टर! नॉर्वेमध्ये अशा पैदाशीचा वाद थेट न्यायालयात गेला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनिएलची पैदास प्राणी कल्याण कायद्याशी विसंगत ठरवली. बुलडॉगबाबत तसा निकाल लागला नाही, पण ‘गोंडस दिसते’ हे पैदाशीचे समर्थन होऊ शकत नाही, हा मुद्दा ठळक झाला.

दुसरा आक्षेप एकाच नराच्या अतिवापराचा. स्पर्धेत जिंकलेल्या कुत्र्याचे रेत सगळ्यांनाच हवे असते. पूर्वी त्याला अंतराची आणि आयुष्याची मर्यादा होती. आता दोन्ही मर्यादा नाहीत. त्याच्यात एखादा सदोष जनुक दडलेला असेल, तर तोही तितक्याच दूर आणि तितकाच काळ पसरतो.

मिलन टळले म्हणजे रोग टळला, हादेखील गैरसमज आहे. कुत्र्यांमधला ब्रुसेलोसिस रेतातूनही पसरतो, गर्भपात घडवतो आणि माणसालाही होऊ शकतो. नर आणि मादी दोघांचीही आधी चाचणी हवीच.

भारतात लक्ष कोणाचे?

गाय-म्हशींच्या रेताला केंद्राची किमान मानके आहेत. रेत केंद्रांचे ठरावीक काळाने मूल्यमापन होते. कांडीवर वळूचा क्रमांक असतो. कुत्र्यांसाठी त्या तोडीची व्यवस्था नाही. केंद्र सरकारने 2017 मध्ये श्वानपैदास आणि विक्रीचे नियम केले. त्यानुसार पैदासकाराला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. हे नियम किती पाळले जातात, ते पाहायचे असेल तर पुढच्या वेळी पिल्लू बघायला गेल्यावर नोंदणी क्रमांक विचारून पाहा.

देशी जातींना उपयोग होईल?

इथेच या तंत्राचे खरे सोने होऊ शकते. मराठवाडा आणि दक्षिण महाराष्ट्रातला कारवानी, कर्नाटकातला मुधोळ, लांब केसांचा पश्मी हे आपल्या मातीतले शिकारी कुत्रे. शर्यतीत वेग मिळावा म्हणून ग्रेहाउंडशी संकर करण्याचा मोह त्यांच्या मुळावर येतो. गावोगाव विखुरलेल्या चांगल्या, एकमेकांशी नाते नसलेल्या नरांचे रेत आज साठवले, तर उद्या वंश अरुंद झाल्यावर तेच कामी येईल. या कुत्र्यांना मिलन जमते, बाळंतपण जमते. तिथे नळी दुबळेपणा झाकायला नव्हे, विविधता टिकवायला लागेल. पशुवैद्यकीय विद्यापीठांनी यासाठी रेतपेढी उभारावी. गायीसाठी जे कौशल्य आपण कमावले, त्याचा थोडा हिस्सा पुरेल.

मग काय व्हायला हवे?

मागण्या फार मोठ्या नाहीत. रेतन केवळ पशुवैद्याने करावे. शस्त्रक्रियेने होणारे रेतन बंद व्हावे. ज्याचे रेत साठवायचे त्या नराची डीएनए नोंद असावी. अमेरिकन केनेल क्लब ती मागतोच. एका नरापासून किती वेते घ्यायची, यावर मर्यादा असावी. आणि मिलन किंवा बाळंतपण झेपत नसलेल्या प्राण्यांवर पैदाशीसाठी हे तंत्र वापरू नये.

ग्राहक म्हणून आपल्या हातीही बरेच काही आहे. पिल्लाचा बाप कोणत्या देशाचा विजेता आहे, हे विचारण्याआधी पिल्लाची आई कुठे आहे, ते विचारा. ती किती वेळा व्याली, तिचे पोट किती वेळा उघडले, याचे सरळ उत्तर मिळत नसेल तर उठून यावे. गोठ्यातल्या गायीची एवढी चौकशी आपले शेतकरी आजही करतात. दिवाणखान्यातल्या कुत्रीच्या वाट्याला तेवढी तरी यावी.