शर्यतीनंतरची खुर्ची

मुलगी शर्यत जिंकली की आपण टाळ्या वाजवतो. पण मैत्रिणींनो, शर्यत किती लांब, बक्षीस किती, हे ठरवणाऱ्या खुर्च्यांवर कोण बसतं? ऑस्ट्रेलियाची ट्रेसी गॉड्री १९९६ आणि २००० च्या ऑलिम्पिकमध्ये सायकल चालवून आली आणि पुढे नेमकी तिथेच जाऊन बसली. २०१३ मध्ये ती जागतिक सायकलिंग संघटनेची पहिली महिला उपाध्यक्ष झाली. संघटना १९०० सालची! म्हणजे ११३ वर्षं गेली. जागतिक रोड स्पर्धेत बायका १९५८ पासून, ऑलिम्पिकमध्ये १९८४ पासून. सायकल हाणायला चालत होत्या, वरच्या खुर्चीत नाही. तिच्या कारकिर्दीतच, २०१६ मध्ये, महिलांची वर्ल्ड टूर सुरू झाली. हा निव्वळ योगायोग, असं मला तरी वाटत नाही.