इंजिन बदलायचे स्टेशन

मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्या माणसाला इगतपुरी आठवते ती वड्यांसाठी. कसाऱ्याला मागे जादा इंजिने लावून घेऊन, 37 फुटांना 1 फूट असा थळ घाटाचा चढ चढून गाडी आमच्या फलाटाला लागते आणि डब्याडब्यांतून माणसे वड्यांच्या दिशेने उड्या टाकतात. त्याच वेळी गाडीच्या तोंडाशी जे चालत असे, त्याकडे बघायला मात्र कोणाला सवड नसे. मला होती, कारण माझी सगळी नोकरी इथल्या इंजिनांच्या शेडमध्ये झाली.

मुंबईपासून इगतपुरीपर्यंत वरच्या तारेत 1500 व्होल्टची डीसी वीज. ती इंग्रजांच्या काळात, 1930 च्या सुमारास आली. पुढे 1957 मध्ये आपल्या रेल्वेने ठरविले की, यापुढे 25 हजार व्होल्टची एसी. त्याप्रमाणे 1960 च्या दशकाअखेरीस भुसावळच्या बाजूला एसी आली, मुंबईच्या बाजूला डीसी राहिली, आणि दोघींची गाठ पडली ती आमच्या गावात. या तारेखालचे इंजिन त्या तारेखाली चालेना. म्हणून गाडी आली की एक सोडायचे, दुसरे जोडायचे. तोवर तुम्ही वडे खा!

हे सारे आठवण्याचे कारण म्हणजे आमचे पुतणे. हे चिरंजीव पुण्यात संगणकाची कामे करतात. दिवाळीला आले ते फराळाच्या ताटावरच चिंता घेऊन बसले. म्हणाले, "काका, तीन रूळ टाकलेले आहेत. माझी गाडी कोणत्या रुळावर घालू?"

मी म्हटले, "अरे, आधी चकली संपव आणि मग नीट सांग."

त्याने सांगितले ते असे. आपण ज्यांच्यावर फोटो टाकतो, शुभेच्छा पाठवतो, ती मंडळे एकेका कंपनीच्या मालकीची. मालकाच्या मनात आले की दार बंद. 2023 च्या जानेवारीत ट्विटरने बाहेरच्या लोकांनी बांधलेली ॲपे एकाएकी तोडली. ट्विटरिफिक, ट्वीटबॉट ही वर्षानुवर्षे चाललेली दुकाने. एका रात्रीत पाटी उतरली. आमच्या पुतण्यालाही दुसऱ्या एका कंपनीकडून असाच प्रसाद मिळालेला. दोन वर्षांचे काम गेले. म्हणून आता जगभर काही मंडळींनी मालक नसलेले रूळ टाकायला घेतले आहेत. त्यांना प्रोटोकॉल म्हणतात. आमच्या भाषेत गेज आणि व्होल्टेज.

पहिला ॲक्टिव्हिटीपब. 2018 मध्ये वेबच्या जागतिक संस्थेने त्याला मान्यता दिली. यूजेन रॉचको या जर्मनीतल्या तरुणाने 2016 मध्ये सुरू केलेले मॅस्टोडॉन याच रुळावर चालते. हा प्रकार खेड्याखेड्यांतल्या पोस्टासारखा. प्रत्येक गावाचा पोस्टमास्तर निराळा, पण पत्रे सगळीकडे जातात. गाव बदलले तर तुमचे वाचक तुमच्या मागोमाग येतात. तुमची जुनी पत्रे मात्र जुन्या पोस्टातच राहतात. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाले, तेव्हा आपल्याकडची पुष्कळ मंडळी रागारागाने या गावात राहायला गेली. थोड्याच दिवसांत बरीचशी परतली. नव्या गावात ओळखीचे कोणी नसले की आपला माणूस रमत नाही.

दुसरा नॉस्टर. इथे पोस्टच नाही. तुमच्या सहीची एक गुप्त किल्ली. तिने सही करून मजकुराच्या प्रती चार ठिकाणी टाकायच्या. कोणी तुम्हाला हाकलू शकत नाही. पण किल्ली हरवली तर तुम्ही तुम्ही नव्हे! मी दिवसातून दोनदा चष्मा हरवतो. हा रूळ मी तिथल्या तिथे नापास केला.

तिसरा ब्ल्यूस्कायवाल्यांचा एटी प्रोटोकॉल. इथे तुमच्या लिखाणाची वही तुमची. आज या कपाटात, उद्या ती उचलून दुसऱ्या कपाटात, पत्ता तोच. शिवाय सगळ्या वह्यांतला मजकूर एका प्रवाहात वाहतो आणि तो कोणालाही मोफत वाचता येतो. म्हणून पोरे रात्रभर जागून त्यावर काहीतरी बांधीत असतात: कोणी फोटोंचे ॲप, कोणी चित्रफितींचे, कोणी लांब लेखांचे. 2024 च्या नोव्हेंबरात तिथल्या खात्यांनी 2 कोटींचा आकडा ओलांडला.

"काका, जिथे बांधणारे जमतात तो रूळ टिकतो," पुतणे म्हणाले.

मला हे पुरते पटले नाही. गवंडी पुष्कळ आणि भाडेकरू थोडे अशी घरे मी नाशिक रस्त्यावर पुष्कळ पाहिली आहेत. आणि त्यालाच खोदून विचारले तेव्हा कबूल झाला की, वह्या हलवता येतात हे खरे, पण बहुतेकांच्या वह्या अजून त्या एकाच कंपनीच्या कपाटात आहेत. मॅस्टोडॉनकडेही बांधणारे कमी नाहीत. ट्वीटबॉटच्या कर्त्यांनी दुकान बंद झाले त्याच महिन्यात तिथे आयव्हरी नावाचे नवे दुकान थाटले.

मी माझी फिटरची अक्कल चालवली. "दोन्ही तारांखाली चालणारे इंजिन कर की. आमच्याकडे 1997 पासून डब्ल्यूकॅम-3 होते."

"मग दोन्हींचे सामान पोटात वाहायचे."

हे खरे होते. ते इंजिन एसीखाली 5000 अश्वशक्तीचे, डीसीखाली 4600 चे; आणि एकाच यंत्रात दोन संसार. पुढे मुंबईपर्यंतची डीसी काढून टाकली, 2016 मध्ये हार्बर मार्गावरही ती संपली, आणि त्या दुहेरी सोयीचे काम उरले नाही. पण मधल्या काळात गाड्या त्यानेच ओढल्या, हे मी त्याला ऐकवले. या रुळांमध्येही ब्रिजी फेड नावाचा पूल कोणी बांधला आहे, असे तो म्हणाला.

या वादात मी एवढा का शिरलो, ते सांगतो. आमची ही रोज सकाळी अशाच एका मंडळावर दोन-तीन ओळी लिही. पाऊस किती, भाजी काय भाव, धुक्यात गाडी कितीने उशिरा. ऑर्कुट 2014 मध्ये गेले, कू 2024 मध्ये गेले. हे त्यांपैकी नव्हे, लहानसेच होते. ही गेली, आणि पुढच्या वर्षी ते मंडळही मिटले. 'आपले लिखाण अमुक तारखेपर्यंत उतरवून घ्यावे' असे पत्र हिच्या फोनवर आले होते. तो फोन कपाटात बंद होता. सात वर्षांच्या सकाळी गेल्या.

पुतण्याला हे ठाऊक होते. त्याला करायचे आहे ते ॲपही तेच: मराठीत रोज दोन ओळी, बाकी काही नाही. अखेर त्याने तिसरा रूळ धरला. पण वही कंपनीच्या कपाटात न ठेवता आमच्याच घरी एका डबीएवढ्या संगणकात ठेवली. तो हिच्या फोटोखाली बसवला आहे. इगतपुरीच्या पावसात वीज जाते तेव्हा वहीही झोपते. त्यासाठी दुसरी प्रत पुण्याला. डबी कायमची बिघडली तर पत्ता परत मिळवायची एक किल्ली असते, ती कागदावर लिहून हिच्या कुंकवाच्या करंड्यात घातली. चष्मा तिथे मी कधी ठेवीत नाही, म्हणून.

दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर हिने लिहिलेल्या 14 नोंदी सापडल्या. भाऊबिजेच्या दुपारी मी वाचीत गेलो, तो टंकीत गेला. पाचव्या नोंदीला थांबून म्हणाला, "काकू इतके थोडक्यात कसे लिहीत?"

"अरे, माझी ड्यूटी पहाटेची. तिला डबा भरायचा असे," मी म्हटले आणि सहावी वाचली.