आधी रान राखले म्हणून

ग्वाटेमालाच्या वायव्येकडील कुचुमातानेस पर्वतराजीत १९७५ साली दोन अमेरिकी तरुण अभ्यासकांना एक पिवळाधमक सॅलॅमँडर आढळला. दिसायला पालीसारखा, परंतु कुळाने बेडकाचा आप्त असा हा प्राणी. त्या दोघांपैकी जॅक्सन यांचेच नाव पुढे या जातीला मिळाले. त्यानंतर मात्र ४२ वर्षे तो कोणाच्याही दृष्टीस पडला नाही. अनेक शोधमोहिमा रिक्तहस्ते परतल्या आणि ही जात नामशेष झाली असावी, अशी शंका बळावत गेली.

ऑक्टोबर २०१७ मध्ये तो पुन्हा सापडला, तो एखाद्या मोठ्या मोहिमेला नव्हे, तर गस्तीवर असताना दुपारच्या जेवणासाठी थांबलेल्या एका स्थानिक वनरक्षकाला! या घटनेतील नवल वाटण्यासारखी गोष्ट याहून निराळी आहे. कॉफीच्या लागवडीखाली जाऊ पाहणारे ते रान काही संस्थांनी २०१५ सालीच विकत घेऊन उभयचरांसाठी राखून ठेवले होते. त्या वेळी हा सॅलॅमँडर तेथे आहे, असे छातीठोकपणे सांगणारा एकही जण नव्हता. या प्राण्याला फुप्फुसे नसतात. ओलसर त्वचेवाटेच तो श्वास घेतो. सावली गेली, ओल आटली की त्याचे जीवनच संपते. ‘आधी प्राणी दाखवा, मग रान राखू’ असा हट्ट तेव्हा धरला गेला असता, तर शोधायला रानच उरले नसते.

आपल्याकडे नेमका हाच हट्ट धरला जातो. सह्याद्रीत सॅलॅमँडर नाहीत; पण त्याच उभयचर वर्गातील देवगांडूळ आहेत. जमिनीखाली वावरणारा हा जीव साप समजून मारला जातो. सत्तरी तालुक्यातील त्याच्या एका जातीला गोव्याचे नाव मिळाले, ते २००७ साली. तोपर्यंत शास्त्राच्या लेखी ती अस्तित्वातच नव्हती. मातीत मात्र ती होतीच. चार दिवसांच्या पाहणीत जे दिसले नाही ते नाहीच, असा अहवाल देऊन डोंगर कापायला परवानगी देणाऱ्यांनी याचा विचार करावयास नको काय?

जगातील सॅलॅमँडरच्या दर पाच जातींपैकी तीन आज संकटात आहेत, असे २०२३ सालच्या जागतिक पाहणीने दाखविले आहे. हरवलेला जीव कधी तरी परत भेटू शकतो. परंतु त्याचे घर मोडल्यावर तो भेटणार कोठे?