उलाळ आणि धुरजड

मध्यंतरी गडचिरोलीस एका स्नेह्यांच्या घरी दोन दिवस राहण्याचा योग आला. घर जुन्या वळणाचे व एकत्र. आजीबाईंपासून धाकट्या नातवापर्यंत नऊ माणसे एका पंक्तीस बसतात. थोरल्या चिरंजिवांनी नुकतीच चार दारांची पिकअप घेतली होती. तिच्या मागे निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली एक घरगाडी जोडावी, आणि येत्या महाशिवरात्रीस सर्वांनी मार्कंड्याचे दर्शन घेऊन पुढे आलापल्लीच्या सागवनातून हेमलकशापर्यंत जाऊन यावे, असा बेत चालला होता. पाच माणसे पुढे पिकअपमध्ये. आजीबाई, सूनबाई व दोन मुले मागे घरगाडीत निजून, असा जागेचा हिशेबही झाला होता. आमचे मत विचारण्यात आले. प्रश्न इतरही घरांत उद्भवण्याजोगा असल्यामुळे तेथे जे बोललो तेच येथे मांडतो.

कल्पना मुळीच उथळ नाही. अमेरिकेत वॉली बायम यांनी १९३६ साली ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ ही ॲल्युमिनियमची घरगाडी बाजारात आणली, तेव्हापासून तिकडील हजारो कुटुंबे अशा रीतीने प्रवास करीत आली आहेत. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली अशा वाहनांच्या पर्यटनासाठी स्वतंत्र धोरण स्वीकारले. ज्या घरात पथ्याचे जेवण, स्वच्छ अंथरूण आणि रात्रीबेरात्री जवळ मोरी, यांवाचून वडील माणसांचे चालत नाही, त्या घरास ही सोय किती मोलाची हे सांगावयास नको.

चर्चा रंगात आली असता आजीबाईंनी एवढेच विचारले, “जुंपणार कशाला ते कळलं; पण गाडी उलाळ आहे की धुरजड, ते कोणी पाहिलं का?” मुले हसली. आम्हांस मात्र हसू आले नाही. कारण साऱ्या प्रश्नाचे मर्म त्या एका वाक्यात होते.

बैलगाडीत मागच्या बाजूस ओझे अधिक झाले की धुरा वर उचलला जातो. ती गाडी उलाळ. पुढे अधिक झाले की सारा भार बैलांच्या मानेवर येतो, ती धुरजड. यंत्राने ओढावयाच्या गाडीसही हाच न्याय आहे. घरगाडी उलाळ असली, तर वेग वाढताच, किंवा शेजारून एखादा अवजड ट्रक गेल्याच्या झोताने, तिचे शेपूट डोलू लागते. प्रत्येक झोका मागच्याहून मोठा होतो, आणि अखेर ती ओढणाऱ्या वाहनासच आडवे करते. उलट ती फाजील धुरजड झाली, तर पिकअपची मागची बाजू दबते, पुढची चाके हलकी पडतात व सुकाणू हाती राहत नाही. म्हणून जाणकारांचा दंडक असा की, घरगाडीच्या एकंदर वजनाचा सुमारे १० ते १५ टक्के भार जोडाच्या हुकावर यावा. पाण्याची टाकी, धान्याचे डबे, भांडी ही जड वस्तू आसाजवळ किंवा किंचित पुढे, आणि खाली ठेवावी. मागे पांघरुणे पुरेत.

हे अजमासाने ठरवू नये. आपल्याकडे भातगिरण्यांपाशी वाहने तोलण्याचे काटे असतात. प्रथम एकटी पिकअप तोलावी. मग घरगाडी जोडून, पण तिची चाके काट्याबाहेर ठेवून. शेवटी दोन्ही मिळून. समजा, आकडे अनुक्रमे १७५०, १८६० व २६५० किलो आले. तर घरगाडी ९०० किलोंची आणि हुकावरचा भार ११० किलो, म्हणजे शेकडा बारा, हिशेब जमला. हा भार पिकअपच्या वाहनक्षमतेत धरावयाचा असतो, हेही विसरू नये. आणि पिकअपच्या निर्मात्याने ओढण्याची जी मर्यादा सांगितली असेल, तिच्यापलीकडे जाणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

हाकण्याविषयी थोडे. वळणावर घरगाडीची चाके आतल्या अंगाने जातात. तेव्हा अरुंद रपट्यावर चढताना वळण मोठे घ्यावे. उतारावर आधीच खालचा गिअर घालावा. गाडी डोलू लागलीच, तर वेग वाढवू नये, एकदम ब्रेक दाबू नये, सुकाणूही हिसडू नये. ते सरळ धरून पाय एक्सलरेटरवरून काढावा. हुकाखाली दोन साखळ्या एकमेकींवरून तिरप्या घालाव्या, म्हणजे हूक निसटला तरी दांडी रस्त्यात रुतत नाही.

आता मुख्य मुद्दा. चालत्या घरगाडीत कोणीही बसू नये. मग निजणे तर दूरच. आजीबाई लहानपणी रेंगीत निजून मार्कंड्यास जात, ही गोष्ट खरी; परंतु बैलांची चाल ताशी पाच किलोमीटर, पिकअपची पन्नास. वेग दसपट झाला की आघाताची शक्ती शंभरपट होते. शिवाय मागे बसलेल्यांची हाक चालकास ऐकू येत नाही. यात्रेच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून लेकुराबाळांसह जाणारी कुटुंबे आपण नेहमी पाहतो. ट्रॉली मालासाठी आहे, माणसांसाठी नव्हे; पण ज्यांना दुसरे साधन नाही त्यांना दोष देणे आमच्या जिवावर येते. ज्यांना साधन आहे, त्यांनी तरी तोच धोका हौसेने पत्करू नये.

हे ऐकून घर काही वेळ गप्प झाले. नऊ माणसांनी एकत्र जाण्यातच त्या बेताची सारी गोडी होती. शेवटी आजीबाईच म्हणाल्या, “घर रिकामं जाऊ दे. माणसं एस.टी.नं येतील. तिथं पोचलं की आपण घरी.” नोंदणी व परवान्याची चौकशी परिवहन कार्यालयात आधी करावयाची, यंदा मार्कंड्यापर्यंतच जावयाचे, आजीबाई पिकअपमध्ये पुढे पट्टा लावून बसणार, आणि चार तरुण मंडळी एस.टी.ने येणार, असे ठरले.

वैनगंगेच्या काठी चुलीवरचा पहिला चहा नऊ जणांनी मिळून घ्यावा, एवढ्यासाठी वाटेत दोन तासांची ताटातूट सोसली तर काही बिघडत नाही, असे आम्हांस वाटते.