म्हापशाची राखण

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार ज्याने एकदा पाहिला, त्याला त्या गावाची दुसरी ओळख करून द्यावी लागत नाही. मयड्याची केळी, हरमलची मिरची, मातीची मडकी, सुकी मासळी, झेंडूच्या माळा आणि घाटावरून उतरलेली भाजी हे सारे एका छपराखाली आणि त्याहून अधिक छपराबाहेर मांडलेले असते. पेडणे आणि डिचोली महालांतला शेतकरी, बारदेशातली पाववाली, आपल्या बेळगाव-कोल्हापूरकडचा व्यापारी, अलीकडे ओडिशा-झारखंडकडून आलेला हमाल, शिवाय आठवड्याच्या रजेवर फिरायला आलेला परदेशी पाहुणा. एवढ्या माणसांची एका दिवशी ये-जा होते. गावाची वस्ती पुरती पन्नास हजारही नाही. ह्या गर्दीची राखण कोण करतो, असे एखाद्या जुन्या म्हापसेकराला विचारा. तो पोलिस-ठाण्याकडे बोट दाखविण्यापूर्वी बोडगेश्वराकडे दाखवील.

बोडगेश्वर हा म्हापशाचा राखणदार. गोव्यात आणि तळकोकणात गावोगाव असा एक रक्षक देव असतो. रात्री तो गावाच्या सीमेवरून फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोहोचवितो, चोराला अडवितो अशी श्रद्धा आहे. वेताळाच्या देवळात चामड्याच्या वहाणा वाहतात त्या ह्याचसाठी. देव रोज चालतो, वहाणा झिजतात, त्या नव्या दिल्या पाहिजेत. ह्या कल्पनेला हसण्याचे आम्हांला काही कारण दिसत नाही. रक्षण करणारा हा खुर्चीवर बसणारा नसून पायी फिरणारा असावा, हे आमच्या पूर्वजांना पक्के कळले होते.

ह्या श्रद्धेचा दुसरा एक भाग त्याहूनही लक्षात घेण्यासारखा आहे. राखणदाराला गाऱ्हाणे घालतात. गाऱ्हाणे ही एकट्याची गुपचूप प्रार्थना नव्हे. गावच्या वतीने एक जाणता उभा राहतो आणि मोठ्याने, सर्वांच्या देखत, काय उणे पडले आहे आणि पुढल्या वर्षी काय सांभाळावयाचे आहे हे देवापुढे मांडतो. बाकीचे त्याला होकार देतात. म्हणजे गावाचे मागणे एक, ते उघड, आणि ज्याच्याकडे मागावयाचे तो समोर. माणसांनी नेमलेल्या रक्षकापुढे, म्हणजे पोलिसांपुढे, असे गाऱ्हाणे घालण्याची सोय मात्र आज म्हापशात नाही. तेथे फक्त तक्रार देता येते. तक्रार एकट्याची असते आणि बहुधा नुकसान होऊन गेल्यावरची असते.

ह्यावर कोणी म्हणेल की जुन्या काळी गावकीच सारे पाहात होती, तीच पुन्हा आणा. गोव्यातली गावकारी ही फार जुनी संस्था. पोर्तुगीजांनी १५२६ साली तिचे रिवाज लिहून काढले तेव्हाच ती जुनी होती. बांध, पाट, वाटा, देवळे ह्यांची व्यवस्था तिने शतकानुशतके चोख ठेवली, हे खरे. परंतु निर्णयाला बसत ते गावकार कुळांतले पुरुष. मुंडकार, मजूर, बायका ह्यांना तेथे आवाज नव्हता. आपल्या देशावर तरी काय निराळे होते? रामोशी आणि जागल्या रात्रभर जागत. चोरीचा माग काढीत शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत जात आणि माग तेथे आत शिरला असे दाखवून दिले की जबाबदारी त्या गावावर पडे. मोठी हुशारीची पद्धत होती ती! पण ज्याने हा माग काढला त्याला चावडीवर बसायला जागा नव्हती, तो बाहेर उभा राही. राखणारा एक आणि राखणीविषयी बोलणारा दुसरा, ही त्या व्यवस्थेची खोड होती. ती खोड तशीच ठेवून कोणी जुनी गावकी परत आणणार असेल तर आम्ही तिच्या बाजूचे नाही.

पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या काळात तर ठाणे म्हणजे रक्षणाचे नव्हे, धास्तीचे ठिकाण झाले होते. ह्याच बारदेशातले अस्नोड्याचे बाळा राया मापारी १९५५ च्या फेब्रुवारीत पोलिसांच्या कोठडीत छळ सोसून हुतात्मा झाले. एजंट मोंतेरोच्या नावाने पोरे गप्प करीत अशी ती वर्षे होती. १९ डिसेंबर १९६१ ला ते राज्य गेले आणि त्यामागून हिंदुस्थानचा पोलिस कायदा गोव्यात आला. तो कायदा १८६१ चा. सत्तावन्नच्या उठावानंतर इंग्रजांनी रयतेला धाकात ठेवण्यासाठी केलेला. शंभर वर्षांनी मुक्त झालेल्या मुलखाला शंभर वर्षांपूर्वीचा गणवेश चढविला गेला. त्या कायद्यात शिपायाने वरिष्ठाला कसा जबाब द्यावा हे पुष्कळ आहे. गावाला काय सांगावे आणि गावाचे काय ऐकावे, ह्याला तेथे जागा नाही. २००८ साली गोव्यात नव्या पोलिस कायद्याचे विधेयक मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह ह्यांच्या खटल्यात जे आदेश दिले, त्यांतून पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्राधिकरणे निघाली. गोव्यातही २००७ मध्ये ते स्थापन झाले. ही चांगली गोष्ट झाली. परंतु प्राधिकरणाचे काम पोलिसाने अन्याय केल्यानंतर सुरू होते. गल्लीत दिवा नाही, जत्रेची वाट अरुंद आहे, अमुक इमारतीला बाहेर पडण्याचा दुसरा दरवाजा नाही, ह्यांत कोणत्याही पोलिसाने अन्याय केलेला नसतो. माणसे मात्र त्यानेही मरतात.

आणि मेली आहेत. २०२५ च्या मे महिन्यात डिचोली महालातल्या शिरगावी लईराई देवीच्या जत्रेत पहाटेपूर्वी चेंगराचेंगरी होऊन सहा भाविक दगावले आणि कितीतरी जखमी झाले. व्रतस्थ धोंड, हातात वेताच्या काठ्या, होमकुंडाची ओढ, उताराची वाट आणि वाटेच्या अंगाला दाटलेली माणसे. दरवर्षी हेच असते. शिरगावच्या पोराटोरालाही वाट कोठे चेपते हे ठाऊक असेल. सरकारने नेमलेल्या सत्यशोधन समितीने मागाहून दोष कोणा एकाच्या माथी न मारता देवस्थान, पोलिस, प्रशासन ह्या सर्वांनाच तो वाटून दिला. आमच्या वाचकांना ह्यावरून मांढरदेवी आठवेल. २५ जानेवारी २००५ ला वाईजवळच्या त्या डोंगरावर सुमारे तीनशे माणसे गेली, न्यायमूर्ती कोचर ह्यांचा आयोग बसला, अहवाल झाला. आयोग बसतात ते मृतांची संख्या मोजून झाल्यावर.

लईराई आणि म्हापसा ह्यांचे नाते गोव्यात सर्वश्रुत आहे. सात बहिणींच्या लोककथेत शिरगावची लईराई ही एक आणि म्हापशाची मिलाग्रिस सायबीण ही दुसरी. दोघींचे उत्सव थोड्याच दिवसांच्या अंतराने येतात आणि चर्चमधल्या सायबिणीला तेल वाहायला हिंदू भाविकही रांगेत असतात. एका बहिणीच्या दारी जे घडले त्यावरून दुसरीच्या दारी काय सांभाळावे, हे ठरविण्यासाठी म्हापशात त्या वर्षी कोणते नागरिक, कोणत्या अधिकाराने एकत्र बसू शकत होते? पाद्री, देवस्थानचे महाजन, नगरसेवक, ठाण्याचे निरीक्षक असे सगळे आपापल्या जागी होते. पण त्यांना एका टेबलाशी बसविणारा आणि झालेले बोलणे लिहून ठेवणारा नियम नव्हता.

त्याच वर्षी ६ डिसेंबरच्या मध्यरात्री म्हापशापासून हाकेच्या अंतरावर हडफड्याला एका नाइट क्लबला आग लागून २५ जण मेले. त्यांतले बहुतेक तेथे राबणारे कामगार, दूरदूरच्या प्रांतांतून पोटासाठी आलेले. तळघरात धुराने गुदमरून गेलेल्या त्या माणसांपैकी कोणाला बाहेरच्या वाटेविषयी शंका आली असेल, तर ती त्याने सांगायची कोणाला? मालकाला सांगितली तर नोकरी जाते. ठाण्यात गेला तर आधी त्याचेच कागद मागितले जातात.

येथे एक विचित्र गोष्ट ध्यानात येते. हडफडे हे खेडे, त्याला निदान ग्रामसभा आहे. १९९४ च्या पंचायत कायद्याने तेथील मतदाराला वर्षातून काही वेळा उभे राहून सरपंचाला विचारता येते आणि गोव्याच्या ग्रामसभा काही मुक्या नाहीत, त्या कडाडून भांडतात. म्हापशाच्या नागरिकाला तेवढाही हक्क नाही. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने शहरांत प्रभाग समित्या आल्या, त्या तीन लाखांवरच्या वस्तीला सक्तीच्या. म्हापसा त्याच्या सातव्या-आठव्या हिश्शाचे गाव! खेड्यापेक्षा मोठे म्हणून ग्रामसभा नाही, शहरापेक्षा लहान म्हणून प्रभाग समिती नाही. आपल्याकडच्या इचलकरंजीपेक्षा लहान अशा कितीतरी गावांचे हेच दुखणे आहे, पण म्हापशात बाहेरून येणाऱ्या माणसांचा लोट मोठा असल्यामुळे ते अधिक ठसठसते.

सणांपूर्वी ठाण्यात शांतता समितीची बैठक होते, तिचा दाखला कोणी देईल. ह्या बैठका आम्ही आपल्या गावी पाहिल्या आहेत. ओळखीची पंधरा माणसे, चहा, सर्वधर्मसमभावावर दोन भाषणे, छायाचित्र. त्यांना उपयोग अगदीच नाही असे म्हणणार नाही. भांडण पेटलेले असताना चहाही कामाला येतो. पण भिवंडीचा अनुभव ह्याहून निराळा होता. १९८४ च्या दंगलीने होरपळलेल्या त्या गावात १९८८ पासून पोलिस उपायुक्त सुरेश खोपडे ह्यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. त्यांत पुढाऱ्यांपेक्षा साधी माणसे घेतली, शांततेच्या दिवसांतही बैठका चालू ठेवल्या. १९९२ च्या डिसेंबरात मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. तोच धागा १९९४ मध्ये सतीश साहनी आणि मूळ गोमंतकीय असलेले ज्युलिओ रिबेरो ह्यांनी मुंबईत धरला. दंगलीच्या दिवशी कोणाचे ऐकले जाईल हे दंगल नसलेल्या दिवसांत ठरते, एवढे त्यातून दिसले. पण भिवंडीचे यश एका अधिकाऱ्याच्या कर्तबगारीवर उभे होते. अधिकारी बदलतात. बदलीबरोबर जाणारी समिती ही समिती नव्हे, ती त्या अधिकाऱ्याची सवय होय.

म्हणून कायद्याचा आधार हवा आणि त्यासाठी फार लांब शोधावयास नको. ज्या पोर्तुगालने गोव्यात ठाण्याची धास्ती बसविली, त्याच पोर्तुगालने आपली हुकूमशाही १९७४ मध्ये उलथून टाकल्यानंतर, १९९८ साली, प्रत्येक नगरपालिकेला सुरक्षा-मंडळ देणारा कायदा केला. नगराध्यक्ष त्याचा प्रमुख. पोलिस अधिकारी, सरकारी वकील, अग्निशामक व नागरी संरक्षणवाले, कामगार व व्यापारी संघटना आणि नगरसभेने निवडलेले काही निःस्पृह नागरिक त्यात बसतात. हुकूम सोडण्याचा अधिकार त्याला नाही, फक्त सल्ला द्यावयाचा. पण ठरलेल्या मुदतीत बसलेच पाहिजे आणि मत नगरसभेपुढे गेलेच पाहिजे. त्याच भाषेच्या ब्राझीलमध्ये साओ पाउलो प्रांतात १९८५ पासून वस्ती-वस्तीच्या सुरक्षा-समित्या आहेत. म्हापशात अजून पोर्तुगीज वाचणारी जुनी माणसे आहेत. त्यांनी तो कायदा मराठीत आणि कोंकणीत उतरवून नगरपालिकेच्या टेबलावर ठेवावा, अशी आमची विनंती आहे.

नुसता सल्ला देणाऱ्या मंडळाचा उपयोग काय, असा आक्षेप येईल. आमचे उत्तर असे की पोलिसाला नागरिकाने हुकूम करू नये हेच बरे. नगरसेवकाच्या चिठ्ठीवर ठाणे चालले तर काय होते ते महाराष्ट्र पुरते ओळखतो. सल्ला मात्र लेखी असावा, त्याला ठाण्याने लेखी उत्तर द्यावे आणि दोन्ही कागद नगरपालिकेच्या दारावर लागावेत. ‘माणसे अपुरी आहेत’ एवढेच उत्तर आले तरी चालेल. ते उत्तर कागदावर असेल तर पुढे सरकारकडे माणसे मागता येतात, आणि अपघातानंतर ‘आम्हांला कोणी सांगितलेच नव्हते’ हे वाक्य उच्चारता येत नाही.

सर्वांत मोठा धोका आहे तो निराळा, आणि त्याचा आपल्याशी थेट संबंध आहे. गोव्यात आपल्याला ‘घाटी’ म्हणतात हे कोल्हापूरकराला नव्याने सांगावयास नको. कधी प्रेमाने, पुष्कळदा तुच्छतेने. २०२५ च्या ऑक्टोबरात म्हापशातल्या एका घरावर सशस्त्र दरोडा पडला. असे काही झाले की पहिला संशय भायल्यांवर जातो, भाडेकरूंच्या तपासण्या सुरू होतात आणि दरोड्याशी सुतराम संबंध नसलेला हमाल रांगेत उभा राहतो. गोवेकराची भीती खोटी नाही. लहान मुलूख, झपाट्याने बदलणारी वस्ती, बंद घरांत एकटी राहणारी म्हातारी माणसे. पण नागरिकांचे मंडळ म्हणजे गावकारांचे भायल्यांवर ठेवलेले पहारे असे जर झाले, तर चावडीबाहेरचा जागल्या पुन्हा बाहेरच राहिला. बाजारात पहाटे चारला येणारी भाजीवाली, बसस्थानकावरचा मोटारसायकल पायलट, रात्रपाळीचा पहारेकरी, हॉटेलातला आचारी, ह्यांना गाव रात्री कसे दिसते ते ठाऊक असते. वकील आणि डॉक्टर मंडळात हवेतच, पण रात्री दहानंतर ते बहुधा घरी असतात. ज्याचे नाव म्हापशाच्या मतदार यादीत नाही, पण ज्याचे पोट म्हापशावर आहे, अशा दोघा-तिघांना तरी खुर्ची मिळाली पाहिजे. हे म्हापसेकरांच्या गळी उतरविणे कठीण जाईल. आपल्या लक्ष्मीपुरीत तरी ते सहज उतरेल काय?

बोडगेश्वराची जत्रा जानेवारीच्या सुमारास येते. दिवसेंदिवस चालणारी ती जत्रा, दुकानांच्या रांगा, पाळणे, नाटके आणि रात्री उशिरापर्यंतची गर्दी. नगरपालिकेने नुसता ठराव करून मंडळ नेमले तरी पहिल्या बैठकीला विषय तयार आहे. रुग्णवाहिका कोणत्या वाटेने आत येणार आणि ती वाट मोकळी ठेवण्याची जबाबदारी कोणाच्या नावावर लिहावयाची? दिवे गेले तर पर्यायी वीज कोठून? पाळण्यांची तपासणी कोणी, कधी केली आणि तिचा कागद कोठे लावला? देवापुढे गाऱ्हाणे घातले जाईलच. हे दुसरे गाऱ्हाणे त्याच्या महिनाभर आधी, ठाण्याच्या निरीक्षकांना समोर बसवून, घालता येण्यासारखे आहे.