एक बिघाड पुरत नाही!

बालदोस्तांनो, तेल-तूप पचायला पित्त लागतं, हे तुम्ही शाळेत शिकलाच असाल. हे पित्त यकृतात तयार होतं आणि बारीक नळ्यांमधून आतड्यात उतरतं. या पित्तनलिकांनाही कॅन्सर होतो. बहुतेक देशांत तो फारसा दिसत नाही. पण थायलंडच्या ईशान्य भागात, खोन केन शहराच्या आसपास, त्याचं प्रमाण जगात सर्वांत जास्त आहे. असं का बरं?

याला कारण आहे एक चपटा कृमी. तिथल्या गोड्या पाण्यातल्या माशांत त्याच्या अळ्या असतात. कच्चा मासा बारीक चिरून, लिंबू-मिरची लावून खायची तिकडे जुनी आवड आहे. या पदार्थाला म्हणतात 'कोई प्ला'. माशाबरोबर अळी पोटात जाते आणि थेट पित्तनलिकेत बिऱ्हाड करते, तेही वर्षानुवर्षं!

पण कृमी झालेल्या प्रत्येकाला कॅन्सर होत नाही. मग होतो तो कोणाला? हे कोडं सोडवायला मदत केली इवल्याशा हॅमस्टरनं. हा उंदरासारखाच एक प्राणी. १९७८ साली थायलंडमधल्या शास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही हॅमस्टरना त्यांनी नुसते कृमी दिले, काहींना पेशींना इजा करणारं एक रसायन अगदी थोडं दिलं, आणि काहींना दोन्ही दिलं. कॅन्सर झाला तो फक्त दोन्ही मिळालेल्यांना!

आता पेशीच्या आत डोकावू या. कृमीमुळे नलिकेला सतत सूज येते. इजा झालेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी तयार होत राहतात. दर वेळी जनुकांची नक्कल होते आणि नक्कल करताना चुका होतात. या चुकांनाच म्हणतात उत्परिवर्तन.

सगळ्याच चुका घातक नसतात बरं का! पण 'के-रास' हे जनुक म्हणजे पेशीचा अ‍ॅक्सिलरेटर आणि 'पी-५३' म्हणजे ब्रेक. अ‍ॅक्सिलरेटर दाबलेलाच राहिला आणि ब्रेकही निकामी झाला, तर गाडीचं काय होईल? २०१२ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या यकृतात नेमके हेच दोन बिघाड घडवून पाहिले. नुसतं 'के-रास' बिघडलं तेव्हा कॅन्सर व्हायला बराच काळ लागला. 'पी-५३'ही काढून टाकलं, तेव्हा तो फार लवकर झाला.

आणि माणसांत? त्याच वर्षी कृमीमुळे कॅन्सर झालेल्या ५४ रुग्णांच्या गाठी तपासल्या गेल्या. त्यांतल्या २४ गाठींत ब्रेकचं जनुक बिघडलेलं होतं, तर ९ गाठींत अ‍ॅक्सिलरेटरचं. उंदरांनी दाखवलेली वाट खरी निघाली!

या प्रयोगांत मुके जीव मरतात, हे विसरू नका. म्हणूनच आज अनेक देशांत अशा प्रयोगांना आधी समितीची परवानगी घ्यावी लागते, आणि त्यांतून मिळालेलं ज्ञान वाया घालवायचं नसतं.

ते ज्ञान काय सांगतं? कॅन्सर एका चुकीनं होत नाही, चुका साठत जातात. म्हणजे मध्येच त्याला अडवायला वेळ मिळतो! कृमी मारणारं औषध आहे. पण औषध घेऊन पुन्हा कच्चा मासा खाल्ला, तर पुन्हा कृमी होतो. मासा नीट शिजवला की मात्र अळ्या मरतात. खोन केनच्या एखाद्या घरात आज मासा चुलीवर चढला, तर पुढची सगळी साखळी तिथंच तुटते. आहे ना सोपा उपाय?