शाळेसाठी प्रथमोपचार प्रशिक्षण कसं निवडाल?



जून महिन्यात शाळेतली प्रथमोपचार पेटी तपासली जाते. कापूस, बँडेज, जंतुनाशक, एखादं मलम. पेटी भिंतीला लागली, रजिस्टरला नोंद झाली की विषय संपतो. पण ती पेटी उघडणाऱ्याला पुढे काय करायचं हे येतं का, हे फारसं कुणी विचारत नाही. आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

कारखान्यांसाठी नियम फार जुना आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमात कलम 45 नुसार दर 150 कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी लागत असे. ती प्रमाणपत्रधारक माणसाकडेच असावी लागे आणि तो माणूस कामाच्या वेळेत उपलब्ध असावा लागे. शाळा हीसुद्धा कामाची जागाच आहे, आणि आपल्याकडे तर सहा वर्षांची मुलं असतात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत वर्गखोल्या, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, मैदान, कुंपण हे सगळं आहे, पण प्रथमोपचार शिकलेल्या माणसाची अट नाही. म्हणजे हे आपल्यालाच मनावर घ्यावं लागणार.

प्रशिक्षण देणारे बरेच आहेत. इंडियन रेड क्रॉस, सेंट जॉन ॲम्ब्युलन्स या जुन्या संस्था आहेत, शिवाय खासगी वर्ग आणि ऑनलाइन कोर्सही आहेत. आपण लगेच विचारतो, फी किती? किती तास? प्रमाणपत्र मिळणार ना? माझ्या मते त्याआधी चार प्रश्न विचारायला हवेत.

पहिला प्रश्न : आमच्या मुलांना इथे जे होऊ शकतं, ते तुम्ही शिकवणार का?

खडकवासल्याचंच घ्या. शेजारी धरण आहे, पावसाळ्यात गवत वाढतं आणि साप निघतात. शाळेत खिचडी शिजते, मुलं मैदानावर पडतात, घशात बोराची बी अडकते. कंपन्यांसाठी तयार केलेल्या कोर्समध्ये मुख्य भर मोठ्या माणसाच्या हृदयविकारावर असतो. मोठ्या माणसाचं हृदय अचानक थांबलं तर नुसती छाती दाबूनही मदत होते. पण मुलांमध्ये बहुतेक वेळा आधी श्वास थांबतो, आणि बुडालेल्याचंही तसंच. तिथे छाती दाबण्याबरोबर तोंडाने श्वास देणंही फार महत्त्वाचं असतं. पोट दाबून पाणी काढत बसलं तर मोलाची मिनिटं जातात. जो कोर्स लहान मुलांचं आणि बुडालेल्याचं वेगळं शिकवत नाही, तो आपल्या कामाचा नाही.

दुसरा प्रश्न : प्रत्येकाला हाताने करायला मिळणार का?

छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा, आणि लहान मुलाची साधारण 5 सेंटिमीटर दाबायची, हे वाचून कळतं. जमत मात्र नाही. पोहणं फळ्यावर शिकवता येत नाही, तसंच हे. आपणच मुलांना कृतीतून शिकवतो, मग स्वतः स्लाइड बघून कसे शिकणार? सरावासाठी पुतळे किती आणि त्यात लहान मुलाच्या आकाराचा आहे का, हे आधीच विचारा. चाळीस जणांत एकच पुतळा असेल तर दोघं-तिघं करतात आणि बाकीचे फोटो काढतात.

तिसरा प्रश्न : घरोघरचे गैरसमज खोडून काढणार का?

फिट आली की चप्पल नाहीतर कांदा हुंगवायचा, दातांत चमचा घालायचा. नाकातून रक्त आलं की डोकं मागे करायचं. भाजलं की टूथपेस्ट लावायची. साप चावला की दोरी करकचून आवळायची. हे सगळं चुकीचं आहे. फिट आलेल्याच्या तोंडात काही घालू नये, त्याला कुशीवर वळवावं. नाकातून रक्त आलं तर पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग दाबून धरावा. भाजल्यावर वाहत्या साध्या पाण्याखाली 20 मिनिटं धरावं. साप चावलेल्याला हालचाल न करू देता दवाखान्यात न्यावं. सापाच्या विषावरची लस जवळ कुठे मिळते, हेही आधीच माहीत हवं.

चौथा प्रश्न, आणि हा आपण स्वतःला विचारायचा : शिकणार कोण?

सहसा एका शिक्षकाचं नाव पाठवलं जातं. मग तेच सर बीएलओच्या कामाला, केंद्राच्या मीटिंगला किंवा निवडणूक ड्युटीला जातात, आणि त्यांच्याबरोबर ते कौशल्यही शाळेबाहेर जातं. मुलगा पडताना प्रमाणपत्र कुणाच्या नावावर आहे ते बघून पडत नाही. म्हणून सगळ्या शिक्षकांनी शिकावं आणि खिचडी शिजवणाऱ्या ताई, शिपाई मामा, व्हॅनवाले काका यांनाही घ्यावं. खरं तर शाळेत सगळ्यात सलग हजर हीच माणसं असतात. त्यामुळे प्रशिक्षण मराठीतच हवं.

"अजून एक प्रशिक्षण?" असं तुम्ही म्हणाल. अशैक्षणिक कामांनी आपण सगळेच वैतागलोय, हे मान्य. पण हे प्रशिक्षण वरून आलेलं नाही, आपल्या वर्गातल्या मुलासाठी आहे. खर्चाचा प्रश्न असेल तर जवळच्या तीन-चार शाळांनी मिळून एक दिवस ठरवावा, शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडावा. आणि शिकलेलं काही महिन्यांत विसरायला होतं, म्हणून दर सत्रात अर्धा तास उजळणी ठेवावी.

2014 पासून राज्यात 108 ची मोफत रुग्णवाहिका आहे. फोन तर लगेच करायचाच. पण पावसाळ्यातल्या शनिवारी सिंहगडाकडे जाणारी गर्दी ज्यांनी बघितलीय, त्यांना गाडी पोहोचायला किती वेळ लागू शकतो ते सांगायला नको. श्वास थांबल्यावर मेंदूला इजा व्हायला मात्र चार-सहा मिनिटंच पुरतात. ती मिनिटं जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असतात.

पालकहो, पुढच्या पालकसभेला या तेव्हा निकालाबरोबर हेही विचारा : आज शाळेत हजर असलेल्यांपैकी किती जणांना बेशुद्ध मुलाचा श्वास तपासता येतो? उत्तर एक किंवा शून्य आलं, तर रागावू नका. प्रशिक्षणाची तारीख ठरवूनच सभेतून उठा.